ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण : आधी मान्यता, मग कागद, मग पैसा आणि शेवटी अर्ज

जालन्याच्या लोखंड कारखान्यात हिशेबनीस असलेल्या पदवीधराला किंवा किनवटच्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेला नोकरी सोडून दोन वर्षे छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जाऊन राहणे शक्य नसते. अशांसाठी ऑनलाइन एमए, एमकॉम, एमबीए किंवा एमसीए हा आता नियमांच्या दृष्टीने भक्कम पर्याय झाला आहे. मात्र या वाटेने जाणारे बहुतेक जण कामे उलट्या क्रमाने करतात. मोबाइलवर जाहिरात दिसते, समुपदेशक म्हणवणाऱ्याचा फोन येतो, जागा राखून ठेवण्यासाठी म्हणून काही हजार रुपये भरले जातात, आणि त्यानंतर मान्यता, कागदपत्रे व उरलेले शुल्क यांची धावपळ सुरू होते. अर्ज भरणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे आणि ते सर्वांत शेवटी करायचे आहे, हे धरून पुढील मांडणी केली आहे.

मान्यता कशी पाहावी

या शिक्षणाचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या विनियमांनुसार होते आणि आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग, ज्याला सर्वजण ‘डेब’ म्हणतात, ते काम पाहतो. दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या पद्धती आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. दूरस्थ पद्धतीत छापील अध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे असतात, शिवाय विद्यापीठाला कार्यक्षेत्राची मर्यादा असते. ऑनलाइन पद्धतीत शिकवणे, स्वाध्याय आणि बहुधा परीक्षाही संगणकावर होते आणि कार्यक्षेत्राची अट राहत नाही, त्यामुळे परळीत बसून दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाची पदवी रीतसर घेता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ज्याची स्थापना १९८९ ची आहे, आपल्या मराठवाड्यात अभ्यासकेंद्रांमुळे परिचित आहे आणि त्याची विभागीय केंद्रे छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथे आहेत. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे ‘इग्नू’ दोन्ही पद्धतींनी शिकवते. ज्याला मराठीतून शिकायचे आहे आणि अधूनमधून केंद्रावर जाता येते, त्याने दूरस्थ पद्धतीचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. खर्च कमी आणि अडचण आल्यास जाऊन विचारण्याजोगी एखादी खिडकी तरी असते.

मान्यता पाहताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढ्यावर समाधान मानणे. विद्यापीठ वर्षानुवर्षे चालत आलेले असू शकते आणि तरीही त्याच्या विशिष्ट अभ्यासक्रमाला ऑनलाइन पद्धतीसाठी मान्यता नसू शकते. म्हणून डेबच्या संकेतस्थळावर जाऊन शैक्षणिक वर्ष, सत्र, पद्धत आणि विद्यापीठ या चारही गोष्टी निवडाव्यात आणि यादीत आपल्या अभ्यासक्रमाचे नाव अक्षरशः तेच आहे का, हे वाचावे. एमबीएच्या यादीत ‘वित्त’ असेल आणि आपल्याला विकला जाणारा अभ्यासक्रम एखाद्या नव्या आकर्षक नावाचा असेल, तर तिथेच थांबून विद्यापीठाला ईमेलने विचारावे. त्या पानाची प्रत दिनांकासह जपून ठेवावी, कारण पुढे नोकरीच्या छाननीत प्रवेशाच्या सत्रात मान्यता होती की नाही, हाच प्रश्न विचारला जातो.

काही विषय या पद्धतींनी शिकवण्यास मनाई आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, कृषी, विधी यांचा त्यात समावेश होतो, आणि पीएचडीही या मार्गाने करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रमांवर, त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि आहारशास्त्र आले, तीच बंदी लागू केली. जुन्या जाहिराती इंटरनेटवर तशाच पडून असल्याने ऑनलाइन एमए मानसशास्त्राची चौकशी करणारे अजूनही भेटतात. त्यांनी या विषयासाठी नियमित महाविद्यालयच पाहावे.

मान्यता असलेल्या ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नियमित पदवीशी समकक्ष धराव्यात, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. प्राध्यापकपदासाठी लागणाऱ्या नेट परीक्षेला बसण्यासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५० टक्के लागतात, ही अट ऑनलाइन पदवीधरालाही तशीच लागू आहे. प्राध्यापकीचा विचार असेल तर उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यास पुरणार नाही.

एजंटांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. विनियमांनुसार विद्यापीठाला आपला ऑनलाइन अभ्यासक्रम तिसऱ्या व्यक्तीला फ्रँचायझीने चालवायला देता येत नाही. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी, बसस्थानकाजवळच्या एखाद्या गाळ्यात ‘परीक्षेची जबाबदारी आमची’ असे सांगणारी कार्यालये दिसतात. शुल्क विद्यापीठाच्या स्वतःच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले गेले, मागील वर्षाच्या तारखेने प्रवेश देण्याची तयारी दाखवली गेली किंवा दोन वर्षांची पदवी एका वर्षात मिळेल असे सांगितले गेले, तर पुढचे काही ऐकण्याची गरज नाही.

परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन मास्टर्सचा मोह असेल, तर ती पदवी भारतात समकक्ष धरली जाईल का, याची लेखी खातरजमा आधी करावी. खासगी कंपनीत बढतीसाठी ती पदवी चालून जाईल. शासकीय भरतीत किंवा प्राध्यापकीत हा प्रश्न निर्णायक ठरतो.

कागदपत्रे

सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून ऑनलाइन किंवा दूरस्थ प्रवेशासाठी डेब आयडी आवश्यक झाला आहे. तो काढण्यासाठी आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा म्हणजे, विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचा, एबीसी क्रमांक लागतो, ज्याला आता ‘अपार’ या नावानेही ओळखतात, आणि तो डिजिलॉकरमधून आधार क्रमांकाच्या साह्याने तयार होतो. हा क्रम सोपा वाटतो, परंतु मराठवाड्यातल्या अर्जदारांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते, कारण आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही. कोणाच्या आधारवर वडिलांचे नाव अर्धवट आहे, कोणाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आहे, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर दोन कागदांवर दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात अशी स्थिती असते. आधार दुरुस्त करायचे की राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा, याचा निर्णय प्रवेश सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी घ्यावा. विवाहित अर्जदार स्त्रीला माझा सल्ला असा आहे की, शिक्षणाचे सर्व कागद ज्या नावाने आहेत त्याच नावाने पुढची पदवी घ्यावी आणि राजपत्राची प्रत व विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडीला ठेवावे. प्रत्येक पदवीवर वेगळे नाव असण्यापेक्षा ते पुढे सोयीचे जाते.

दुसरा अडसर पदवी प्रमाणपत्राचा. अनेकांनी पदवी परीक्षा उत्तीर्ण केली, परंतु दीक्षान्त समारंभासाठीचा अर्ज कधी भरलाच नाही, त्यामुळे हाती केवळ गुणपत्रिका असतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये सुरू झाल्याने, त्यापूर्वी लातूर किंवा परभणीतून पदवी घेतलेल्यांचे अभिलेख संभाजीनगरच्या विद्यापीठात शोधावे लागतात. पदवी हाती नसल्यास तात्पुरते पदवी प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालते. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका मात्र लागतातच, आणि अनुत्तीर्ण होऊन पुन्हा दिलेल्या विषयाची गुणपत्रिका स्वतंत्र असल्यास तीही जोडावी. काही विद्यापीठे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे आधीच्या विद्यापीठाचे सोडल्याचे प्रमाणपत्र, नंतर स्वीकारतात, पण ते मागायला विसरत नाहीत.

शुल्क सवलत किंवा शिष्यवृत्ती घ्यायची असेल तर जात प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढावे. ज्यांची जातनोंद निजामकालीन कागदांत शोधावी लागते, त्यांनी या कामाला प्रवेशाच्या वेळापत्रकाशी बांधून घेऊ नये. उर्दू किंवा मोडीतील नोंद वाचून घेणे, तिची प्रमाणित प्रत मिळवणे आणि पुढे पडताळणी यात एखादे सत्र सहज जाते. जिल्हा परिषद शिक्षक आणि इतर शासकीय कर्मचाऱ्यांनी प्रवेशापूर्वी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. परवानगीविना मिळवलेल्या पदवीची नोंद सेवापुस्तकात करून घेताना जो पत्रव्यवहार करावा लागतो, त्यापेक्षा आधीचा एक अर्ज हलका असतो.

पैशाची तजवीज

खर्चाचा आकडा काढताना माहितीपत्रकातले वार्षिक शुल्क तेवढे पाहू नये. नोंदणी शुल्क, प्रत्येक सत्राचे परीक्षा शुल्क, प्रकल्प किंवा प्रबंधाचे शुल्क, पदवी प्रमाणपत्राचे शुल्क, लॅपटॉप, इंटरनेट, आणि परीक्षा केंद्रावर होणार असेल तर जाण्यायेण्याचा व मुक्कामाचा खर्च, हे सर्व दोन वर्षांसाठी मांडावे. मुक्त विद्यापीठांतील एमए किंवा एमकॉमचे शुल्क सामान्यतः हजारांत राहते, खासगी विद्यापीठाची ऑनलाइन एमबीए लाखाच्या पुढे जाते आणि आयआयटींसारख्या संस्थांचे नोकरदारांसाठीचे ऑनलाइन मास्टर्स कित्येक लाखांचे असतात. पहिल्या प्रकारासाठी कर्ज काढूच नये. सत्रागणिक किंवा वर्षागणिक भरता येणारी रक्कम महिन्याच्या पगारातून बाजूला काढता येत नसेल, तर प्रवेश एक सत्र पुढे ढकललेला बरा.

आपल्या भागात पैशाला ऋतू असतो. जुलै-ऑगस्टचे प्रवेश सुरू होतात तेव्हा घरातला पैसा बियाणे आणि खतात गेलेला असतो, सोयाबीन अजून शेतात असते, आणि त्यावेळी शुल्कासाठी घेतलेले हातउसने किंवा सावकारी कर्ज सर्वांत महाग पडते. ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी या सत्रांत होतात. आपल्या अभ्यासक्रमाला जानेवारीचे सत्र उपलब्ध असेल तर शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाने तेच निवडावे. दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा आणि पुढे कापसाचा पैसा हाती येतो, कागदपत्रे जमवायलाही सवड मिळते. ऊसतोडीसाठी घरातील माणसे दिवाळीनंतर बाहेर पडतात अशा बीड जिल्ह्यातील कुटुंबांनी मात्र उलट बाजूनेही पाहावे : उचल हाती येते ती तोडणीला निघण्यापूर्वी, पण ती आगाऊ मजुरी असून पुढे कामातून फेडायची असते, म्हणून तिच्यातून शुल्क भरण्याआधी घरात स्पष्ट बोलणे झालेले असावे.

शिष्यवृत्त्यांबद्दल फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरील भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या योजनांत अर्ज प्रथम संस्थेच्या लॉगिनवर छाननीसाठी जातो. त्यामुळे आपली संस्था आणि आपला अभ्यासक्रम पोर्टलच्या यादीत दिसत असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे, आणि हे प्रवेशापूर्वी पोर्टलवर पाहून घेता येते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींना व्यावसायिक शिक्षणात मिळालेली शुल्कमाफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहे, म्हणून परराज्यातील खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन एमबीएला ती मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. विद्यापीठाच्या स्वतःच्या सवलती, उदाहरणार्थ दिव्यांग, माजी सैनिक किंवा गुणवत्ताधारकांसाठीच्या, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांत असतात. त्या न मागता मिळत नाहीत.

कर्जाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी लागते. बँकांच्या अनेक शिक्षणकर्ज योजना नियमित अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात आणि ऑनलाइन पदवीबाबत प्रत्येक बँकेचे धोरण निराळे असते. म्हणून शाखेत जाऊन तोंडी विचारण्याऐवजी अभ्यासक्रमाचे नाव, विद्यापीठ आणि डेबच्या यादीची प्रत जोडून लेखी विचारणा करावी. बँकांच्या सर्वसाधारण नमुना शिक्षणकर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्राची पतहमी योजना आहे, म्हणजे तारणाऐवजी बँकेला सरकारी हमी मिळते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते, परंतु व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून होते, आणि शिक्षण चालू असताना ते व्याज भरत राहिल्यास बऱ्याच बँका दरात एक टक्क्याची सूट देतात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. तिच्यात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे, मात्र आपली संस्था आणि आपली शिकण्याची पद्धत त्यात बसते का, याचे उत्तरही बँकेकडून लेखी घ्यावे.

शाखेत अर्ज अडण्याचे खरे कारण पुष्कळदा विद्यार्थ्याशी संबंधित नसते. सहकर्जदार म्हणून वडिलांचे नाव घातले जाते आणि त्यांचे पीककर्ज थकीत असल्याने सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद, खराब निघतो. दुष्काळाच्या वर्षांत पुनर्गठन झालेले, किंवा कर्जमाफीत बसले असे समजून विसरलेले खाते अहवालात अजून थकीत दिसू शकते. अर्जापूर्वी वडिलांचा अहवाल काढून पाहावा, खाते मिटलेले असल्यास बँकेकडून ना-देय दाखला घेऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी, आणि तरीही अडचण राहिल्यास नोकरी करणारा जोडीदार किंवा भाऊ सहकर्जदार चालेल का, ते विचारावे. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. त्याबद्दल बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला तिने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना, महात्मा फुले महामंडळ आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ यांच्या शैक्षणिक कर्ज योजना या वाटांची चौकशी जिल्हा कार्यालयात अवश्य करावी. नोकरदारांसाठी पगारदार सहकारी पतसंस्थेचे कर्ज पुष्कळदा लवकर आणि कमी कटकटीने मिळते. सोने तारण ठेवून घेतलेले बँकेचे कर्जही वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडते, मात्र त्याची मुदत पाळता आली पाहिजे.

आता जाहिरातीतल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांबद्दल. समजा, अभ्यासक्रमाचे शुल्क १,६०,००० रुपये आहे, एकरकमी भरणाऱ्याला दहा टक्के सूट आहे आणि हप्त्याने भरणाऱ्याला २४ महिने प्रत्येकी सुमारे ६,६६७ रुपये द्यावे लागतात. याचा अर्थ १,४४,००० रुपयांच्या वस्तूसाठी आपण १,६०,००० देत आहोत, आणि हे १६,००० रुपये म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांहून थोडे अधिक व्याजच आहे; प्रक्रिया शुल्क वेगळे. दर फार वाईट नाही, पण ते कर्ज आहे हे सांगितले जात नाही, ही खरी आक्षेपार्ह बाब आहे. कर्ज देणारी वित्तसंस्था पूर्ण रक्कम आधीच भरून मोकळी होते, त्यामुळे अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते चालूच राहतात आणि थकल्यास आपलाच सिबिल बिघडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर, सर्व आकार आणि एकूण परतफेड एकत्र लिहिलेली असते. ते विवरण वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नये.

शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, ती सलग आठ वर्षांपर्यंत आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच. पतसंस्थेच्या किंवा नातेवाइकाच्या कर्जाला ती लागू धरू नये. बँक किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचे कर्ज असावे लागते.

अर्ज आणि त्यानंतर

इथवर आलेल्या अर्जदाराला प्रत्यक्ष अर्जाला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. स्वतःचा ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. नेट कॅफेवाल्याचा ईमेल दिल्याने परीक्षेचे वेळापत्रक न मिळालेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. पात्रतेची टक्केवारी, एमबीएसाठी सर्वसाधारणतः ५० आणि राखीव प्रवर्गासाठी ४५, एमसीएसाठी गणिताची अट, हे माहितीपत्रकातून पुन्हा एकदा ताडून पाहावे. पैसे भरण्यापूर्वी शुल्क परताव्याचे नियम वाचून त्याची प्रत ठेवावी. पैसे भरताना व्यवहार मध्येच तुटला तर लगेच दुसऱ्यांदा न भरता खात्यातून रक्कम गेली का ते आधी पाहावे.

परीक्षा घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होणार असेल, तर वीज आणि नेटवर्क यांचा विचार प्रवेशाच्या वेळीच करावा. गावठाणाबाहेर शेतवस्तीवर राहणाऱ्यांच्या घरी कृषी वाहिनीची वीज ठरावीक तासांपुरतीच येते आणि तिच्या वेळा आठवड्यागणिक बदलतात, म्हणून परीक्षेच्या दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकाकडे एक शांत खोली, बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप आणि दुसऱ्या कंपनीचे एक सिमकार्ड यांची व्यवस्था आधी ठरवावी. केंद्रावर परीक्षा असेल तर आपल्या जिल्ह्यात केंद्र आहे का, हे विचारून घ्यावे. सत्रान्त परीक्षेला ७० टक्के आणि स्वाध्यायासह अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत भार असतो. स्वाध्याय वेळेत सादर न केल्याने परीक्षेलाच बसता येत नाही, असे नियम अनेक ठिकाणी आहेत. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी आपोआप होत नाही, तिची तारीख पहिल्या वर्षाची परीक्षा होण्याच्याही आधी येऊ शकते, आणि तिच्यासाठीची रक्कम पहिल्या वर्षाच्या शुल्काबरोबरच वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात करावी.